झेडपी कोणाकडे, आणि आपला कागद कुठे?

(नोव्हेंबर २०२५ मध्ये संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या प्रभागसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. भातझोडणीमुळे ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)

सगळ्या ताया, वहिन्या, काकू आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्या, भात कापून, झोडून, उडव्या रचून तुम्ही आलात, पाठ दुखतेय हे दिसतंय मला. लवकर सोडते.

आजचा विषय निवडणूक. विषय ठरला तेव्हा आपल्या अध्यक्षताई मला म्हणाल्या, "बाय, उगीच भांडणं लावशील." मी म्हटलं, ताई, भांडणं लागलेलीच आहेत, म्हणून तर बोलायचं. तर आधीच सांगते. मत कोणाला द्यायचं हे मी सांगणार नाही. मला विचारूही नका, चहाच्या वेळी कोपऱ्यात घेऊनसुद्धा नाही. मी तुमच्या संघाच्या पैशातून पगार घेते आणि संघात सगळ्या पक्षांच्या घरातल्या बायका आहेत.

पहिला घोळ शब्दाचा. गट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बचत गट. पण झेडपीच्या मतदारसंघालाही गटच म्हणतात. आणि टीव्हीवर बघाल तर अमक्याचा गट, तमक्याचा गट, तो तिसराच. गेल्या महिन्यात एका सभेत मी म्हटलं, "आपल्या गटाचं आरक्षण निघालं," तर एक मावशी म्हणाल्या, "अगो, मग आमचं कर्ज मंजूर झालं काय?" हसू नका, चूक त्यांची नव्हती. म्हणून आज मी आपल्याला 'बचत गट' म्हणेन, आणि दुसऱ्याला 'झेडपीचा गट'.

झेडपीच्या एका गटाचे दोन तुकडे असतात, त्यांना गण म्हणतात. गणातून पंचायत समितीचा सदस्य निवडून जातो, गटातून जिल्हा परिषदेचा. म्हणून मतदानाला गेलात की दोन मतं द्यायची असतात. एक देऊन घाईने बाहेर येऊ नका. आपला प्रभागसंघसुद्धा बहुतेक ठिकाणी झेडपीच्या एका गटाएवढाच असतो. म्हणजे आज या हॉलमध्ये ज्या बसल्यात त्यांचा झेडपीचा सदस्य एकच असणार आहे. पुढाऱ्यांना ही सभा इतकी का आवडते ते कळलं ना?

आता माझी गोष्ट. मी पहिलं मत दिलं फेब्रुवारी २०१७ मध्ये, झेडपीलाच. एकोणीस वर्षांची होते, बोटाची शाई आठवडाभर पुसू दिली नाही. तेव्हा रत्नागिरी झेडपीचे ५५ गट होते. निकाल लागला, शिवसेनेला ३९, राष्ट्रवादीला १५ आणि काँग्रेसला १. इतका स्पष्ट निकाल, की कुणाला विचारायची गरज नव्हती सत्ता कोणाची.

पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर आजपर्यंत मी झेडपीला मत दिलेलं नाही, तुम्हीही दिलेलं नाही. आपल्या बचत गटातल्या ज्या सुना पंचविशीच्या आतल्या आहेत त्यांनी तर आयुष्यात एकदाही दिलेलं नाही. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, मग गटांची संख्या वाढली, परत कमी झाली, तारखा पडत गेल्या. शेवटी यंदा ६ मे रोजी कोर्टाने सांगितलं की निवडणुका घ्या, आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मर्यादा घालून दिली. त्याप्रमाणे नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबरला जाहीर झालंय. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, आपलं देवरुख, सगळीकडे भोंगे सुरू झालेत. झेडपीची तारीख अजून यायची आहे, पण आरक्षणाची सोडत ऑक्टोबरमध्ये झाली, आणि त्या दिवसापासून आपल्या वाड्यांत गाड्या फिरायला लागल्या. ज्या रस्त्याने चार वर्षांत टमटम यायला तयार नव्हती त्या रस्त्याने.

हे काही पहिल्यांदा घडलंय असं नाही. महाराष्ट्रात झेडपी सुरू झाली १ मे १९६२ ला. पुढे १९७९ ला निवडणूक झाली ती झाली, आणि पुढची थेट १९९२ ला. तेरा वर्षं! आपल्या आयांनी मत दिलं आणि त्यांच्या मुलींचं लग्न होऊन नातवंडं झाली तरी पुढचं मत नाही. अशा प्रकारांना आळा बसावा म्हणून घटनेत ७३ वी दुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पाच वर्षांत निवडणूक घ्यायचीच असं त्यात लिहिलंय. त्याच दुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. लिहिलेलं असूनही चार वर्षं गेली ती गेलीच.

सत्ता कशी बदलते? आपल्याला वाटतं, आपण बटण दाबतो तेव्हा. तशीही बदलते. पण आणखी दोन प्रकारांनी बदलते, आणि त्या दोन्ही वेळी आपल्याला कुणी विचारत नाही.

शेजारच्या सिंधुदुर्गाचं बघा. १९८१ पर्यंत तो आपलाच जिल्हा होता. २०१७ मध्ये तिथे ५० जागा होत्या. काँग्रेसच्या पंजावर २७ जण निवडून आले, म्हणजे काँग्रेसची सत्ता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नारायण राणे काँग्रेस सोडून बाहेर पडले, ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःचा स्वाभिमान पक्ष काढला, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तो भाजपमध्ये विलीन केला. २०२१ मध्ये झेडपी अध्यक्षाची निवड झाली तेव्हा अध्यक्ष भाजपच्या झाल्या. २०१७ ला भाजपच्या जागा होत्या सहा. मधल्या काळात तिथल्या बायकांनी झेडपीसाठी एकदाही बटण दाबलं नव्हतं. मी राणेसाहेबांना चांगलं-वाईट काही म्हणत नाही. तिथे त्यांना मानणारे लोक खूप आहेत, आणि कितीतरी जणांनी पंजाकडे बघून नव्हे तर त्यांच्याकडे बघूनच मत दिलं असेल. मी एवढंच सांगतेय की मत दिलं एका चिन्हाला आणि कारभार संपला दुसऱ्यावर.

यासाठी कायदा आहे की नाही? आहे. १९८६ चा आहे, झेडपी आणि पंचायत समितीच्या सदस्यांनाही लागू आहे. पक्षाचा आदेश मोडला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, सदस्यत्व जाऊ शकतं. पण तक्रार, तारीख, सुनावणी, मग वरच्या कोर्टात अपील, यात मुदतच निघून जाते. आणि अध्यक्ष काही आपण थेट निवडत नाही, सदस्य निवडतात. म्हणून निकाल लागला की सदस्यांना सहलीला नेतात. तुमच्या बचत गटाची सहल गणपतीपुळ्याला जाते, त्यांची जरा लांब जाते.

आपल्या जिल्ह्यात वेगळंच झालं. मुदत संपली मार्च २०२२ ला, आणि शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये. म्हणजे ३९ जण माजी झाल्यावर तीन महिन्यांनी पक्षाचे दोन झाले. पुढे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीचंही तेच. २०१७ ला ज्या दोन पक्षांकडे ५५ पैकी ५४ जागा होत्या ते दोन्ही आता दोन-दोन आहेत. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला, उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांकडे गेलं, शरद पवारांच्या पक्षाला तुतारी मिळाली. त्यावरचे वाद अजून कोर्टात आहेत, खरा कोण ते आपण इथे ठरवायचं नाही.

पण माझ्या आजीचं काय झालं ते सांगते. आजीला वाचता येत नाही. वर्षानुवर्षं ती चित्र बघून मत देते. गेल्या विधानसभेला केंद्रातून बाहेर आली आणि मला विचारते, "बाय, मी दिलं ता कोणाला गेलं गो?" तिने जुनं ओळखीचं चित्र दाबलं होतं, पण तिच्या मनातला माणूस त्या चित्राबरोबर राहिलाय की नाही हे तिला माहीत नव्हतं. कदाचित बरोबर पडलं असेल, कदाचित नसेल. मी तिला काही सांगितलं नाही, कारण मला तिच्या मनातलं माहीत नाही आणि ते माहीत असायची गरजही नाही. पण तेव्हापासून मी ठरवलं की आपल्या बचत गटात मतदानाच्या आधी एकदा उमेदवारांची यादी मोठ्याने वाचायची. नाव, चिन्ह, गाव. बस. कोण चांगलं, कोण वाईट, ते नाही. यादी कार्यालयाबाहेर लावलेली असते, फोटो काढून आणता येतो. साक्षर सुनेने वाचायची, आजीने ऐकायची.

आता दुसरा प्रकार, जेव्हा सत्ता कुणाचीच नसते. मार्च २०२२ पासून झेडपीला प्रशासक आहेत. म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच सगळं बघतात, पंचायत समितीला गटविकास अधिकारी. काही बायका मला म्हणतात, बरंच झालं, भांडणं नाहीत, कामं होतात. मी तुमचं ऐकून घेते. काही साहेब खरंच चांगले होते, एकांनी तर आपल्या काजू प्रक्रियेच्या बायकांसाठी स्वतः फोन केले. पण साहेब बदली होऊन जातात. सदस्य निदान याच गावचा असतो, बाजारात गाठ पडते, तेव्हा त्याला थांबवता येतं. सर्वसाधारण सभा नाही म्हणजे प्रश्न विचारणारा कुणी नाही. महिला व बालकल्याण समिती नाही, म्हणजे शिलाई मशीन, घरघंटी, मुलींच्या सायकली यांचं काय चाललंय ते बाईच्या तोंडून विचारणारी समिती नाही. आणि पैशाचंही आहेच. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आपल्याकडे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० झेडपीला असे वाटले जातात. निवडून आलेलं मंडळ नसलं की त्यांचा तो हिस्सा अडतो.

आता मी माझी एक चूक सांगते. ही सांगायचीच म्हणून आज उभी राहिले.

२०२१ मध्ये मी एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागले. त्या जुलैत चिपळूणला पूर आला ते तुम्हाला आठवतंय. त्याच पावसात इकडे दोन वाड्यांचे साकव गेले. वाड्यांची नावं घेत नाही, पण त्यातल्या काही जणी इथे बसल्यात. मध्ये एकच पऱ्या, दोन वळणांवर दोन साकव, दोन्ही वाहून गेले. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, पोटुशी बाई, सगळ्यांना तोच रस्ता.

पहिल्या वाडीतल्या बायका माझ्याकडे आल्या. मी नवीन होते, उत्साह होता. मी त्यांना थेट तेव्हाच्या सदस्यांकडे घेऊन गेले. माणूस चांगला होता, खोटं का बोलू. चहा पाजला, वाडीत येऊन पाहून गेला, म्हणाला, "काम धरलंय, यादीत टाकलंय, काळजी करू नका." आम्ही खुश. मी माझ्या महिन्याच्या अहवालात लिहिलं, 'साकवाचा प्रश्न मार्गी'. काय मार्गी? कागद एक नाही. आठ महिन्यांत मुदत संपली. सदस्य माजी झाले. पुढे त्यांचा पक्ष फुटला, ते कोणत्या बाजूला जायचं या विवंचनेत. फोन उचलायचे, पण हातात काही नव्हतं. मी झेडपीच्या बांधकाम विभागात गेले तर तिथले भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, अर्जाचा आवक नंबर सांगा." मी म्हटलं, अर्ज नाही, पण सदस्य म्हणाले होते. ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, ते जास्त लागलं.

दुसऱ्या वाडीच्या बचत गटाच्या सचिव एक वयस्कर काकू. सातवी शिकलेल्या. त्या कुणाकडे गेल्याच नाहीत. त्यांनी महिला सभेत विषय घेतला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्याला माहीत आहे, पण आपण ती रजिस्टरवर सह्या करून संपवतो. काकूंनी सही केली नाही, म्हणाल्या आधी साकव लिहा. मग तो विषय ग्रामसभेत गेला, ठराव झाला. ठरावाची नक्कल घेतली. अर्ज तीन प्रतींत केला, एक ग्रामपंचायत, एक पंचायत समिती, एक झेडपीचा बांधकाम विभाग, आणि स्वतःच्या प्रतीवर तिन्ही ठिकाणचे शिक्के. ते सगळं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं. मला तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही.

पुढे प्रशासक आले, दोन साहेब बदलले. दर वेळी काकू नव्या साहेबांपुढे तीच पिशवी उघडायच्या. एकदा फाईल सापडत नाही म्हणाले, तर यांनी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. फाईल सापडली. २०२४ मध्ये त्यांच्या साकवाला मंजुरी आली, या पावसात पोरं वरून चालत गेली. सगळं कागदामुळेच झालं असं मी म्हणत नाही. त्या वर्षी साकवांना पैसे आले हे नशीबही होतं. पण पैसे आले तेव्हा यादीत त्यांचं नाव होतं, आणि आमचं नव्हतं.

पहिल्या वाडीत आजही पोफळीचे दोन ओंडके टाकलेत. या पावसाळ्यात एक मुलगी घसरली, हात मोडला. तिची आई आपल्या सभासद आहेत. त्या मला काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा चहा दिला, आणि मुलगी प्लास्टरवर चित्र काढत बसली होती.

म्हणून मी आता सदस्याकडे जायला विरोध करत नाही. जाच. पण हातात आवक नंबर घेऊन जा. मग तो निवडून आला, पडला, दुसऱ्या पक्षात गेला, किंवा झेडपीच बरखास्त झाली तरी नंबर जागेवर राहतो.

आता बचत गटांतल्या भांडणाकडे येते. एका गावात, २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत, एका उमेदवाराने बचत गटाला मोठी भांडी दिली. दोन टोप, पराती, कढई, झारे, लग्नकार्याला भाड्याने देता येतील अशी. बायकांना वाटलं उत्पन्नाचं साधन झालं. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात, पण कोण कुणाचं ते वाडीतल्या कुत्र्यालाही माहीत असतं. बारा जणींच्या त्या बचत गटात चार जणी समोरच्या पॅनलच्या घरातल्या होत्या. त्यांनी विचारलं, ही भांडी इतिवृत्तात कशी लिहायची? देणगी? कुणाकडून? कशासाठी? उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून लिहिलीच नाहीत. आणि जे वहीत लिहिता येत नाही ते घेऊ नये, एवढं साधं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

निकाल लागला. हरलेल्या बाजूच्या चौघींनी बचत द्यायचं थांबवलं. त्यातल्या दोघींवर कर्ज होतं. "भांड्यांच्या भाड्यातून वळते करा," म्हणाल्या. मग पाचवीही गेली, कारण तिची जाऊ त्या चौघींत होती. बारावरून सात. बँकेने पुढचं कर्ज थांबवलं, कारण परतफेड नव्वद टक्क्यांवरून खाली आली. त्यात एका बाईचं आंब्याच्या हंगामाचं भांडवल अडकलं, तिचा या सगळ्याशी काहीही संबंध नव्हता. तिने सावकाराकडून घेतलं. भांडी अजून त्या घराच्या पडवीत आहेत, भाड्याने कुणी नेत नाही, कारण नेलं तर त्या बाजूचा ठरतो.

ग्रामपंचायतींचीही मुदत येतेय. २०२१ ला ज्यांच्या निवडणुका झाल्या त्यांची पाच वर्षं येत्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. म्हणजे टोप-परातींचा हंगाम पुन्हा येणार. कुणाकडून साड्या, कुणाकडून हळदीकुंकवाचं वाण. मतासाठी पैसा किंवा वस्तू देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे, हे मी सांगायला हवं म्हणून सांगते. घरी आलेल्या माणसाने दिलेली साडी तुम्ही परत कराल की नाही, हे तुमचं तुम्हाला माहीत. पण बचत गटाच्या नावावर, बचत गटाच्या खात्यात, बचत गटाच्या बॅनरखाली काही घ्यायचं नाही. प्रचारसभेला जायचं असेल तर जा, हवं तर रोज जा, पण बचत गटाची एकसारखी साडी नेसून रांगेने जाऊ नका. फोटो निघतो आणि तो फोटो बारा जणींचा होतो, त्यात चौघींची इच्छा नसते.

मग बचत गटातल्या बाईने निवडणुकीला उभंच राहायचं नाही का? हे मला आपल्या एका लिपिका ताईंनी परवा एसटीत विचारलं. रात्रभर विचार केलेला दिसत होता. नक्की उभं राहा! निम्म्या जागा आपल्या आहेत, त्या कोणीतरी भरणारच. आपण नाही भरल्या तर पुढाऱ्याची सून भरेल आणि सभेला तिचे यजमान जाऊन बसतील. केरळात कुटुंबश्री नावाचं आपल्यासारखंच काम १९९८ पासून आहे, तिथे पंचायतीत निवडून आलेल्या बायकांत कितीतरी जणी त्यातूनच आल्यात. हिशेब लिहिणं, सभा चालवणं, अधिकाऱ्यासमोर बोलणं, हे त्या तिथेच शिकल्या. तिथेही बचत गटात पक्ष शिरला ही तक्रार होतेच, ते काही स्वर्ग नाही.

उभं राहायचं तर वय २१ पूर्ण पाहिजे, यादीत नाव पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर चालत नाही. घरात शौचालय पाहिजे, ते वापरत असल्याचा दाखला पाहिजे. राखीव जागा असेल तर जात वैधतेचं आत्तापासून बघा, ते शेवटच्या आठवड्यात होत नाही. आणि ज्या दिवशी उमेदवारी ठरेल त्या दिवशी बचत गटाची आणि संघाची सही दुसरीकडे सोपवा. पेटीची किल्ली, वह्या, बँकेची सही. जिंकलात तर आम्ही हार घालू, हरलात तर जागा तुमची आहेच. पण निवडणुकीच्या महिन्यात तुमच्या हातात बारा जणींची पेटी नको.

एक शेवटचं, आणि हे बोलताना मला थोडी भीती वाटते, कारण मी याच तालुक्यातली आहे. मत कुणाला, हे आपल्याकडे कुठे ठरतं? वाडीच्या बैठकीत. देवळाच्या सहाणेवर पुरुष बसतात, मुंबईच्या मंडळाचा फोन येतो, कधी देवापुढे नारळ ठेवून शब्द घेतला जातो. आपण चुलीपाशी असतो, निरोप घरी येतो. गावाची एकी मला मान्य आहे. एकगठ्ठा मतामुळे आमच्या वाडीची पाखाडी झाली, हे मी नाकारत नाही. पण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि का, ते आपल्याला ठाऊक आहे. पुरुष चाकरीला मुंबईत. पऱ्या ओलांडते कोण? नळाला पाणी नाही आलं तर विहिरीवर जातं कोण? शाळेचा पट कमी झाला म्हणून शाळा बंद व्हायची वेळ आली तर पोराचा हात धरून दुसऱ्या गावात चालत जातं कोण? मग बैठकीत आपलं एक वाक्य तरी असायला हवं. नारळ ठेवायचाच असेल तर उमेदवाराकडून ठेवून घ्या, की निवडून आल्यावर वर्षातून दोनदा महिला सभेला येईन. आमच्या एका मावशींनी हे खरंच बैठकीत सांगितलं. पुरुष हसले. मग एक म्हातारे आजोबा म्हणाले, "बरोबर बोलते ती." अजून ठरलेलं नाही काही, बघू.

चहा आलाय, थांबते. तेवढं कामाचं ऐका. पुढच्या सोमवारी मी पंचायत समितीत जाणार आहे. ज्यांच्या वाडीचं पाणी, पाखाडी, साकव, अंगणवाडी यातलं काही अडलंय त्यांनी ठरावाची नक्कल आणि अर्जाच्या तीन प्रती घेऊन सकाळी नऊच्या गाडीला या. ज्यांच्याकडे ठराव नाही त्यांनी या शनिवारी ग्रामपंचायतीत जाऊन पुढच्या महिला सभेची तारीख लिहून आणा, ग्रामसभा २६ जानेवारीची आहे. मतदार यादीत स्वतःचं नाव बघा, नवऱ्याचं मुंबईतही आणि इथेही असेल तर एका ठिकाणचं काढायला सांगा. आणि पहिल्या वाडीच्या ताईंनो, तुमचा अर्ज मी लिहून आणलाय, माझ्या पिशवीत आहे. सह्या तेवढ्या चहा व्हायच्या आधी करून टाका.